वाळ्याची ओळ

सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला महाबळेश्वर. तिथं वर्षाकाठी ५,५०० मिलिमीटरच्या पुढं पाऊस होतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला आमचा माण तालुका. तिथं पावसानं ५०० मिलिमीटर गाठले तरी "औंदा पाऊसपाणी बरं हाय" असं बोललं जातं. माझं माहेर दहिवडीच्या पुढच्या एका खेड्यातलं. मला दिलं ते सांगली जिल्ह्यात, पलूसच्या अंगाला, कृष्णेच्या मळीत. जुलैत माहेरची माणसं आभाळाकडं डोळे लावून असतात आणि सासरची माणसं एकमेकांना विचारत असतात, कोयनेतनं किती सोडलंय, सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर आलंय.

एकीकडं पाण्याची वाट बघायची, दुसरीकडं पाण्याला भ्यायचं. पण दोन्हीकडं पाणी जाताना माती घेऊन जातं, हे मात्र सारखंच. माणात ती उतारावरून ओघळीनं जाते, कृष्णाकाठी काठ ढासळून जाते. देशभरातल्या जमिनीच्या धुपीचा १९८० च्या दशकातला अंदाज हेक्टरी वर्षाला १६.४ टनांचा होता. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मनातल्या मनात ट्रॉल्या मोजल्या. बोटभर जाडीचा मातीचा थर तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात, आणि तो जायला हस्ताच्या पावसाच्या दोन सरी पुरतात.

आता माझ्या दोन्ही घरी एकच गवत लावलेलं आहे. माहेरी ते मुरमाड रानातल्या तालींवर आहे, सासरी नदीकडं जाणाऱ्या ओढ्याच्या काठावर. ते गवत म्हणजे वाळा. वाळा म्हटलं की सगळ्यांना माठातली मुळांची जुडी आठवते. ती मलाही प्रिय आहे आणि तिच्याबद्दल पुढं लिहिणारच आहे. पण जमिनीच्या वरचा वाळा फार थोड्यांनी पाहिलेला असतो, आणि जमिनीत राहून तो जे काम करतो ते तर त्याहून कमी लोकांना ठाऊक असतं.

दिसायला तो साधा आहे. पाच-सहा फुटांचा झुबका, अरुंद लांब पाती, कडा खरखरीत. पात चोळून नाकाशी नेली तर काहीच वास येत नाही, सगळा वास मुळात. नात्यानं तो उसाचा आणि ज्वारीचा भावकीतला. त्याचं शास्त्रीय नाव क्रायसोपोगॉन झिझानिऑइडिस, जुन्या पुस्तकांत व्हेटिव्हेरिया असंही सापडतं. एकदा लावला की वर्षानुवर्षं राहतो. उन्हाळ्यात वरून पिवळा पडतो, मेंढरांनी तुडवला, कुणी बांध पेटवला, तरी त्याचा गड्डा जमिनीच्या पातळीत दबलेला असल्यामुळं पावसाच्या पहिल्या ओलीबरोबर पुन्हा फुटतो.

त्याचं खरं वेगळेपण मुळांत आहे. बहुतेक गवतांची मुळं वरच्या वीतभर मातीत पसरतात. हरळी तर आडवी धावते आणि शेतभर होते. वाळ्याची मुळं सरळ खाली जातात. भुसभुशीत जमिनीत ती तीन-चार मीटर खोल गेलेली मोजली आहेत, आणि पहिल्या वर्षातच दोन मीटरचा पल्ला गाठतात. मूळ बारीक असतं, बहुतेक दोन मिलिमीटरच्या आतलं, पण ओढायला गेलं तर तुटत नाही. अशी हजारो मुळं एका झुबक्याखाली पडद्यासारखी उभी असतात. आडवी पसरत नसल्यामुळं शेजारच्या पिकाच्या खाण्यापाण्यावर ती फारशी पडत नाहीत. त्याला हरळीसारखे धावते किंवा कुंद्यासारखे जमिनीखाली पसरणारे कोंब नसतात, म्हणून जिथं लावला तिथंच राहतो.

माणात शेताच्या आडव्या बांधाला ताल म्हणतात. दगड-मातीची, उतारावर पाणी अडवण्यासाठी घातलेली. आमच्या आबांच्या आयुष्यातले उन्हाळे ताली सांधण्यात गेले. ताल फुटली हा आमच्याकडं घरात मोठ्या आवाजात सांगायचा विषय नव्हता. आबा बाहेरून येऊन गप्प बसले की आई समजायची. मातीची उघडी ताल फुटते ती तिच्यामागं पाणी साचतं म्हणून. साचलेलं पाणी उंदराघुशीचं बीळ शोधतं, खचलेली जागा शोधतं, आणि तिथून सगळं एकदम बाहेर पडतं. एका जागेवरून सुटलेलं ते पाणी खालच्या शेतात ओघळ पाडतं. पुढच्या पावसात ओघळीचा ओढा होतो. मग खालची ताल जाते, मग त्याच्या खालची.

वाळ्याची दाट ओळ पाण्याला पूर्ण अडवत नाही. गच्च उभ्या दांड्यांमधून पाणी गाळून जातं, सावकाश जातं, ओळीच्या सगळ्या लांबीवर पसरून जातं. वेग मोडला की पाण्यातला गाळ ओळीच्या वरच्या बाजूला बसतो. गाळानं बुंधा झाकला तर वाळा त्या दबलेल्या पेरांतून नवी मुळं सोडतो आणि गाळाच्या उंचीबरोबर वर चढतो. काही वर्षांत ओळीमागं आपोआप सपाटी तयार होते. मातीच्या तालीला वर्षं जातील तशी डागडुजी वाढत जाते, वाळ्याची ओळ उलट जुनी होईल तशी भक्कम होते. माझा भाऊ शेतीचा हिशेब फार काटेकोर ठेवतो. त्याला पटली ती हीच गोष्ट.

हे ज्ञान कुठल्या प्रयोगशाळेत जन्मलं नाही. कर्नाटकातल्या गुंडलुपेटच्या बाजूला शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या शेताच्या हद्दीवर वाळा लावत आले आहेत. जॉन ग्रीनफील्ड नावाचे शेतीतज्ज्ञ १९५० च्या दशकात फिजीत उसाच्या उताराच्या जमिनीवर काम करत होते. तिथं त्यांनी धूप थांबवायला वाळ्याच्या ओळी वापरल्या. पुढं १९८० च्या दशकात तेच ग्रीनफील्ड आणि रिचर्ड ग्रिमशॉ जागतिक बँकेच्या कामासाठी भारतात आले आणि कोरडवाहू भागातल्या पाणलोटांत या ओळींचा आग्रह त्यांनी धरला. थायलंडचे राजे भूमिबोल यांनी १९९१ पासून आपल्या देशात वाळ्याचा प्रसार स्वतः लक्ष घालून केला. १९९३ साली अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलनं जगभरातले दाखले तपासून या गवताच्या बाजूनं कौल दिला. आज रस्त्यांच्या आणि लोहमार्गांच्या कडेचे कापलेले उतार धरून ठेवायला कितीतरी देशांत तेच लावतात. मूळ आपल्याकडचं गवत, पण आपल्या गावांत त्याची ओळख माठापुरतीच राहिली, याची मला मनापासून खंत वाटते.

आमच्या भागात पाण्यासाठी काम झालं नाही असं नाही. उलट फार झालं. २०१६ साली पानी फाउंडेशनची पहिली वॉटर कप स्पर्धा, म्हणजे गावागावांतली पाणी अडवायच्या कामांची चढाओढ, झाली, कोरेगाव तालुक्यातलं वेळू पहिलं आलं, आणि त्यानंतर माण-खटावची गावंच्या गावं रात्री बॅटऱ्या लावून डोंगरावर चर खोदत होती. मीही सुट्टीत माहेरी असताना टिकाव धरला आहे. ते दिवस मी जन्मभर विसरणार नाही. पण चराचा भराव उघडा राहिला तर दरवर्षी थोडा थोडा चरातच घसरतो आणि चर बुजत जातात. खोदाईच्या मागोमाग भरावावर गवत लावायचं काम व्हायला हवं होतं, ते पुष्कळ ठिकाणी मागं पडलं. खोदताना शंभर माणसं असतात. गवत लावायच्या वेळेला पाऊस सुरू झालेला असतो आणि ज्याला त्याला आपल्या पेरणीची घाई असते.

लावायचा कसा, हे जरा सविस्तर सांगते, कारण मला फोन करणारे बहुतेक हेच विचारतात.

पहिली गोष्ट रोपाची. वाळ्याचे दोन प्रकार आहेत. उत्तर भारतात रानोमाळ वाढतो त्याला बी धरतं आणि ते रुजतं. दक्षिणेकडं लागवडीत असलेल्या वाळ्याला फुलोरा येतो, पण त्यापासून रोपं होत नाहीत. बांधावर लावायचा तो हा दुसरा, म्हणजे तण होऊन शेतात शिरण्याची भीती राहत नाही. लखनऊच्या सीमॅप या औषधी-सुगंधी वनस्पतींच्या संशोधन संस्थेनं काढलेल्या धारिणी, गुलाबी, केशरी अशा जाती आहेत. त्या मुख्यतः तेलासाठी निवडलेल्या आहेत. रोपवाटिकेत नुसतं "वाळा आहे का" असं विचारून भागत नाही. ठोंब कुठून आणले, बी रुजतं का, हे विचारून घ्यायचं.

लागवड ठोंबांची करायची. जुना झुबका कुदळीनं उपटून त्याचे दोन-दोन, तीन-तीन फुटव्यांचे तुकडे करायचे. पाती वीतभर ठेवून वरून छाटायची, मुळं चार बोटं ठेवून कापायची आणि शेणकाल्यात बुडवून घ्यायची. लगेच लावणं होणार नसेल तर ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवायची. वाळलेला ठोंब लावून वर नशिबाला बोल लावणारे मी पाहिले आहेत.

पावसाच्या भागात जून-जुलैत ठोंब थेट जमिनीत लावले तर चालतात. माणात तसं जमत नाही. आमच्याकडं जूनचा पाऊस फसवा आणि खरा जोर परतीच्या पावसाचा. म्हणून आम्ही उन्हाळ्यातच मोरीच्या पाण्यावर, परसात, पिशव्यांत रोपं वाढवतो. साबणाचं, खरकटं पाणी वाळ्याला चालतं. सांडपाणी शुद्ध करायलाही त्याचा वापर होतो. दुधाच्या रिकाम्या पिशव्या, तळाला भोक, निम्मी माती निम्मं शेणखत. आईला या कामाचा फार उत्साह. पिशवीत मुळं भरली की चांगली ओल झाल्यावर रानात न्यायची. लावल्यावर तीन-चार आठवडे पाऊस नसेल तर एखाद-दुसरं पाणी हातानं द्यावं लागतं, एवढाच काय तो लाड. मुळं खाली गेली की त्याला पुन्हा विचारावं लागत नाही.

ओळ मात्र अगदी समपातळीत हवी. ती तिरपी गेली तर पाणी ओळीच्या कडेकडेनं वाहत खालच्या टोकाला जाऊन तिथं ओघळ पाडेल, म्हणजे होतं त्यापेक्षा वाईट. पानी फाउंडेशनच्या शिबिरात आमच्या गावातली पोरं समपातळी दाखवणारं हायड्रोमार्कर वापरायला शिकली आहेत, ते इथं कामी येतं. ते नसेल तर तीन काठ्यांचा अ-आकाराचा सांगाडा करून मधे दोरीला दगड बांधला तरी समपातळीची रेघ मिळते. ओळीत दोन ठोंबांमधलं अंतर वीतभराच्या आतच ठेवायचं, दहा ते पंधरा सेंटिमीटर. इथं कंजुषी करू नये. फूट-फूट अंतरावर लावलेला वाळा दिसायला छान दिसतो, पण पाणी मधल्या फटीतून जोरानं निघतं आणि कामाचं काहीच होत नाही. दोन ओळींमधलं अंतर उतार पाहून ठरवायचं. वरच्या ओळीपासून उंचीनं साधारण एक-दोन मीटर खाली उतरलो की पुढची ओळ, असा अंदाज धरतात. पहिल्या पावसाळ्यानंतर फटी शोधून भरायच्या. फुटवे वाढायला वर्षातून दोन-तीनदा गुडघ्याखाली कापायचा. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ओळ बंद होते.

कापलेली पात वाया जात नाही. कोवळी असताना जनावरं खातात, डाळिंबाच्या बुडाशी आच्छादन करायला ती उत्तम, लवकर कुजत नाही. पूर्वी छपरं शाकारायलाही वापरत. पण जून पात जनावरं आवडीनं खात नाहीत, आणि हा त्याचा माझ्या मते मोठा गुण आहे. आमच्या बाजूनं धनगरांचे वाडे मेंढरं घेऊन येतात-जातात. शेतात मेंढरं बसवली की लेंड्यांचं खत मिळतं, म्हणून शेतकरीही त्यांना बोलावतात. मेंढरं बांधावरचं एकूणएक हिरवं खुडून नेतात. एका म्हाताऱ्या मेंढपाळानं आमची ओळ बघून आबांना सांगितलं, "ह्येला आमची मेंढरं तोंड लावत न्हाईत बघा. ऱ्हाईल ह्ये." आबांना कुठल्याही पुस्तकापेक्षा हे प्रमाणपत्र मोलाचं वाटलं.

वैरणीसाठी गवत हवं असेल तर ते मारवेल. तेही बारमाही, तेही ठोंबांनी लागतं, आणि खिल्लार जनावरं ते फार आवडीनं खातात. तालीच्या उतारावर मारवेल आणि तालीच्या माथ्यावर वाळा ही आमच्याकडची मांडणी. २०१२-१३ च्या आणि २०१९ च्या दुष्काळात माणातल्या चारा छावण्यांत माणसं जनावरांबरोबर महिनोन्‌महिने राहिली. बांधावरच्या मारवेलनं छावण्या टळल्या असत्या असं मी म्हणणार नाही, एवढ्या कोरड्या वर्षात कुठलंच गवत किती पुरणार? पण पाऊस झाल्यावर सगळ्यांत आधी चारा कुठून येतो, तर बारमाही गवताच्या जुन्या गड्ड्यांतून. पेरलेला मका त्याच्या नंतर.

म्हणून बांधावर तणनाशक मारलेलं पाहिलं की माझा जीव तुटतो. शेतात तण नको हे मला समजतं, कुंदा खणून ज्यांचे हात सोलले त्या घरात मी वाढले आहे. पण बांध जाळून पिवळाधमक करायचा, वर जेसीबीनं दोन्ही बाजूंनी कोरून हातभर रुंदीचा करायचा आणि मग तो पावसात बसला की भावकीत हद्दीवरून भांडायचं, हे आता दोन्ही जिल्ह्यांत चाललं आहे. हद्दीवर वाळ्याची ओळ असेल तर ती पिढ्यान्‌पिढ्या जागची हलत नाही. गुंडलुपेटच्या शेतकऱ्यांनी तो हद्दीसाठी निवडला त्यात फार मोठं शहाणपण आहे.

सासरची गोष्ट वेगळी. तिथं काळी खोल माती, ऊस, आणि पाणी नको तेवढं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, इशारा पातळी ४० आणि धोका पातळी ४५ असताना. पाणी ओसरल्यावर आमच्या ओढ्याचा काठ मोठ्या लांबीवर तुटलेला होता. झाडंसुद्धा मुळांसकट आडवी झालेली. पूर उतरताना भिजलेला काठ आतल्या पाण्याच्या वजनानं खचतो, आणि वरवरच्या मुळांचं गवत अशा वेळी मातीबरोबर खाली जातं. माझे सासरे, अण्णा, त्या काठावर उभे राहून म्हणाले, "तुझ्या माहेरचं ते गवत हितं तग धरंल का?" माझ्या माहेरचं काही अण्णांनी मागितल्याची ती पहिली वेळ.

मुळं धरलेला वाळा कित्येक आठवडे पाण्याखाली राहिला तरी तगतो. नवा लावलेला तगत नाही. म्हणून काठावर लागण करायची ती पूर ओसरल्यानंतर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, उसाच्या पाटाचं पाणी देऊन, म्हणजे पुढच्या जुलैपर्यंत त्याला आठ-नऊ महिने मिळतात. आम्ही तसं केलं. काठाला समांतर ओळी, एकाखाली एक. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला, ओळी बुडाल्या, पाणी उतरलं तेव्हा पाती चिखलानं माखून आडवी पडली होती. पंधरवड्यात मधून हिरवे कोंब निघाले. काठ कुठंच तुटला नाही असा दावा मी करणार नाही, नदीपुढं कुणी असे दावे करू नयेत. जिथं ओळ दाट झाली होती तिथला काठ राहिला, एवढं अण्णांनी आणि मी दोघांनी बघितलं.

सावली मात्र त्याला मुळीच सोसत नाही. दहा-बारा फुटी उसाच्या कडेला लावलेला वाळा दिवसभर सावलीत राहिला तर विरळ होत जातो. म्हणून उसाच्या पट्ट्यात त्याची जागा जपून निवडावी लागते. रस्त्याच्या कडेचा, ओढ्याकडचा, उन्हाच्या बाजूचा बांध घ्यावा, आणि निदान पहिलं वर्षभर शेजारी ऊस न लावता सोयाबीन किंवा हरभरा घ्यावा.

क्षारपड जमिनीबद्दलही लोक फार विचारतात. वाळवा, मिरज, पलूस या तालुक्यांत पाण्याच्या अतिवापरानं चांगल्या जमिनी मिठाळल्या, पाणथळ झाल्या, बाभळीखेरीज काही येईना. वाळा खारट जमिनीत आणि पाणथळीत पुष्कळ पिकांपेक्षा चांगला टिकतो, हे खरं आहे. तिथं निदान हिरवं काही तरी उभं राहतं, उघडी माती झाकली जाते. पण वाळा लावला की जमीन सुधारली असं कुणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. निचरा झाल्याशिवाय क्षार जात नाहीत. सच्छिद्र पाइप गाडून निचरा करायला खर्च आहे, खालच्या शेजाऱ्याचं सहकार्य लागतं, आणि मुख्य म्हणजे पाणी कमी द्यायची सवय लागते. वाळा त्या कामाला जोड देईल, ते काम टाळायची पळवाट म्हणून त्याच्याकडं पाहू नये.

आता मुळं. सांगलीच्या गणपती पेठेत वनौषधीच्या दुकानांत उन्हाळ्यात वाळ्याच्या जुड्या टांगलेल्या असतात. घरी आणून धुवायची, दोऱ्यानं घट्ट बांधायची, माठात सोडायची. पहिल्या दिवशी पाण्याला वास जास्तच येतो, तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो खरा बसतो. आठवड्यानं काढून उन्हात खडखडीत वाळवायची आणि पुन्हा वापरायची. शिकेकाई उकळताना नागरमोथा, गव्हला-कचोऱ्याबरोबर वाळा हवाच. दिवाळीच्या उटण्यातही हवा. तापात द्यायच्या षडंगपानीयात मुस्ता, पर्पट, चंदन यांच्याबरोबर वाळा असतो, वैद्य त्याला उशीर म्हणतात. आई ट्रंकेत नऊवारींच्या घड्यांमधे मुळं ठेवायची. कसर लागू नये हा हेतू, पण लग्नाला जाताना आईच्या अंगाला जो वास यायचा तो मला आजही कुठल्याही अत्तरापेक्षा जवळचा आहे.

बाजारातलं हिरवंगार खस सरबत पाहून मुलांना वाटतं वाळ्याचा रंगच हिरवा. मुळांचा अर्क पिवळसर तपकिरी असतो, हिरवा रंग घातलेला असतो. कन्नौजला तांब्याच्या डेगांत काढलेल्या रूह खसला, म्हणजे वाळ्याच्या अस्सल तेलाला, मात्र तांब्यामुळं खरोखर हिरवट झाक येते. तेल काढायला मुळं तासन्‌तास वाफेवर ठेवावी लागतात आणि शंभर किलो सुक्या मुळांतून जेमतेम किलोभर, पुष्कळदा त्याहून कमीच तेल मिळतं. ते लवकर उडत नाही, म्हणून अत्तरांत इतर वास धरून ठेवायलाही वापरतात. हैती आणि इंडोनेशिया हे त्याचे मोठे उत्पादक.

हैतीचं नाव आलं म्हणून एक महत्त्वाचं सांगते. मूळ विकायचं तर झुबका खणून काढावा लागतो. जे गवत माती धरतं त्यालाच उतारावर उपटलं, तर मोकळी झालेली माती पहिल्या पावसात जाते. हैतीत डोंगरउतारांवर मुळं खणून हेच झालं आहे. तेव्हा तेलासाठीचा वाळा आणि तालीवरचा वाळा या दोन वेगळ्या शेती आहेत. विकायची मुळं हवी असतील तर सपाट, वाळूसर, निचऱ्याची जमीन घ्यावी, दीड-दोन फुटांवर लागण करावी आणि पंधरा-अठरा महिन्यांनी हिवाळ्यात खणावं. काळ्या चिकण मातीत मुळं मिळतात त्यापेक्षा तुटतात जास्त, आणि मजुरी अंगावर येते. खरेदीदार ठरल्याशिवाय एकरानं वाळा लावू नका, असं मी सगळ्यांना कळकळीनं सांगते. घरच्या माठापुरती मुळं हवीत तर सिमेंटच्या मोठ्या गोणीत माती-वाळू भरून परसात एक झुबका लावावा. गोणी फाडली की अख्खी जुडी हाती येते, आणि तालीला हात लावावा लागत नाही.

जिहे-कठापूर उपसा सिंचन योजनेचं पाणी आता माण-खटावकडं येऊ लागलं आहे, टेंभू योजनेचं आटपाडीपर्यंत पोचलं. आबांच्या पिढीनं ज्याची स्वप्नं पाहिली ते पाणी. त्याचा आनंद शब्दांत सांगता येणार नाही. पाण्यामागोमाग ऊस येतो आहे, आणि उसामागोमाग जेसीबी. शेजारच्या दोन रानांतल्या ताली काढून सलग पट्टे केले गेले. भावालाही मोह झाला होता. फोनवर आमचं बरंच बोलणं झालं. मी त्याला कृष्णाकाठची क्षारपड रानं दाखवायला बोलावलं, अण्णांनी त्याला स्वतः फिरवून आणलं. परत जाताना तो म्हणाला, "आक्का, ताली ऱ्हातील. पण वरच्या रानाचं काय?"

प्रश्न बरोबर आहे. उतारावर ओळ वरून सुरू व्हायला हवी, कारण पाणी वरून येतं. आमच्या वरचं रान ज्यांचं आहे ते नोकरीनिमित्त पुण्याला असतात. रान पडीक आहे, मधोमध ओघळ पडली आहे, आणि तिचं सगळं पाणी आमच्या पहिल्या तालीवर येऊन आदळतं. दिवाळीला ते गावी येतात. ठोंब आमचे, मजुरी आमची, पहिल्या वर्षाचं पाणी आमचं. त्यांनी फक्त ओघळीच्या तोंडाशी आणि तिच्या दोन्ही अंगांना तीन-तीन फूट पट्टा द्यायचा, असं भावानं ठरवलं आहे. आईनं त्यांच्यासाठीची रोपं आत्ताच वेगळी मांडून ठेवली आहेत.